उभ्याने ऐकलेले संतूर

श्री. चिंतामणी टिपणीस यांच्या दोन्ही कानांविषयी त्यांच्या घरात मतभेद होते. स्वतः चिंतामणरावांचे मत असे, की कान उत्तम असून हल्ली माणसेच नीट बोलत नाहीत. त्यांच्या पत्नी कुंदाबाई यांचे मत निराळे होते. परंतु अनेकदा मांडूनही ते चिंतामणरावांपर्यंत न पोचल्यामुळे अधिकृतरीत्या विचारात घेतले गेले नव्हते.

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चिंतामणरावांची सारी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली. पत्र्यावर अखंड घाव घालणाऱ्या त्या यंत्रांपुढे माणसाचा आवाज म्हणजे वावटळीत धरलेली उदबत्ती. कंपनीने इअरप्लग दिले होते. पण ते घालणे हे नवशिक्याचे लक्षण समजले जाई, आणि चिंतामणरावांसारख्या प्रॉडक्शन मॅनेजरने तर यंत्राचा आवाज छातीवर झेलायचा असतो, अशी तिथली रीत होती. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले. ते टिकटिक करते, असे कुंदाबाई म्हणतात.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या फ्लॅटमध्ये कुंदाबाईंना संसारासाठी दोन आवाज ठेवावे लागले होते. एक मोठा. गॅस बंद करा, दूध आलंय, लाइट बिल भरलंत का, हे सारे त्या आवाजात. तो चिंतामणरावांना ऐकू येई आणि वरच्या मजल्यालाही येई. दुसरा आवाज त्यांचा स्वतःचा, माहेराहून आणलेला, ओल्या मातीवर पाऊल पडावे तसा. आता, शेजाऱ्यांनी ऐकू नये अशी गोष्ट मोठ्या आवाजात सांगता येत नाही; आणि संसारात सांगण्यासारखे जे जे असते, ते बहुधा शेजाऱ्यांनी ऐकू नये असेच असते. त्यामुळे कुंदाबाईंचे बोलणे हळूहळू गॅस, दूध आणि लाइट बिल एवढ्यावर येऊन ठेपले. उरलेल्या बोलण्याला चिंतामणराव "हो, हो" म्हणत. समोरच्याचे ओठ थांबले, की शोभेल एवढा विराम घेऊन, किंचित मान झुकवून उच्चारलेला हा होकार त्यांनी इतका घोटला होता, की परक्या माणसाला संशय येऊ नये. कुंदाबाई परक्या नव्हत्या, एवढीच काय ती अडचण होती.

त्या शनिवारी कुंदाबाईंनी विठ्ठलवाडीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घेतली. नेमके त्याच दुपारी उल्हासनगरात उच्च दर्जाच्या घरगुती ध्वनियंत्रणांचे प्रदर्शन होते, आणि चिंतामणराव ज्या श्रोता मंडळाचे मान्यवर सभासद होते, त्या मंडळाला तिथे खास निमंत्रण होते. बरीच वाटाघाट झाली. आधी प्रदर्शन, मग डॉक्टर, असा तह मोठ्या आवाजात ठरला. वरच्या मजल्यालाही तो पसंत पडला. मग चपला घालता घालता कुंदाबाई त्यांच्या दुसऱ्या आवाजात म्हणाल्या, "मला तुमच्याशी बोलायचं असतं हो. बाकी काही नाही."

"हो, हो," चिंतामणराव म्हणाले.

'नादवेध श्रोता मंडळ' या संस्थेविषयी येथे थोडे सांगणे प्राप्त आहे. तिचे बहुतेक सभासद आनंदनगरमधूनच निवृत्त झालेले अधिकारी होते. कुणाचे आयुष्य कॉम्प्रेसरशेजारी गेले, कुणाचे ग्राइंडिंगमध्ये, कुणाचे बॉयलरच्या छायेत. एवढ्या गदारोळात तारुण्य काढलेली माणसे उतारवयात सूक्ष्म नादाकडे वळली, यात नवल नव्हते. मंडळाच्या घटनेत एक कलम फार विचारपूर्वक घातलेले होते: सभेत "काय म्हणालात?" असे दोनदा विचारणाऱ्या सभासदाचे कार्यक्रमात लक्ष नसल्याचे मानण्यात येईल व तो निलंबनास पात्र राहील. या कलमामुळे मंडळात कमालीची शिस्त आली. कुणीच कुणाला काही विचारीत नसे. सारे ठराव एकमताने होत, कारण ठरावाला विरोध करायचा तर तो आधी ऐकावा लागतो.

या एकमताला आजवर एकदाच तडा गेला होता. चंदर म्हात्रे नावाचे सभासद एके दिवशी कानात यंत्र घालून आले. सरचिटणीस हरिचंद्र भोईर वार्षिक अहवाल वाचत होते. चंदर थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हरिचंद्र, अरे हा गेल्या वर्षीचा अहवाल आहे. गेल्या वर्षीही हाच वाचलेलास का?" सभेत खळबळ माजली. कृत्रिम साधनाने ऐकणे हा नैसर्गिक श्रवणाच्या तत्त्वाचा भंग असल्याचे कार्यकारिणीने ठरवले.

"मग तू चष्मा लावतोस तो?" चंदरने ओरडून विचारले.

"चष्म्याने माणूस विद्वान दिसतो," हरिचंद्रांनी खुलासा केला, आणि चंदर म्हात्रे निलंबित झाले.

प्रदर्शन एका लग्नाच्या हॉलमध्ये होते. आयोजक मुकेशभाई हे उल्हासनगरचे जुने व्यापारी. पूर्वी ते पंखे विकत. पंख्यांचा आवाज येतो अशी तक्रार वाढल्यावर त्यांनी आवाजाचाच धंदा सुरू केला. दाराशी त्यांनी चिंतामणरावांचे दोन्ही हात हातात घेतले. "आओ साईं, आओ! टिपणीस साहेब, तुमच्यासारखे कानवाले लोक आले ना, की आपल्याला पण वाटतं, माल योग्य जागी चाललाय."

आत जाण्याआधी पादत्राणे काढायची होती. जाड पडद्यांनी मढवलेल्या खोलीत शिरताच मंडळाच्या दोघा सभासदांनी नकळत हात जोडले, आणि समोरचे दृश्य पाहता ते काही वावगे दिसले नाही. कपाटाएवढे दोन काळे स्पीकर गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखे उभे होते. त्यांच्यामध्ये अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्या कपाळावर निळ्या उजेडाच्या दोन गोल तबकड्या. अंगठ्याएवढी जाड वायर जमिनीला न टेकता सागवानी घोड्यांवरून राजासारखी चालली होती.

"वायरीला घोड्या कशाला?" कुंदाबाईंनी विचारले. बायकांसाठी बाहेर चहा, बिस्किटे आणि पंख्याची सोय होती. पण पंखा फार वाजतो म्हणून त्या आत आल्या होत्या.

"भाभी, जमिनीला लागली तर आवाज मैला होतो."

"आणि भिंतीच्या आतून येते ती वायर?"

मुकेशभाईंनी भिंतीकडे पाहिले. "ते बिल्डरचं मॅटर आहे, भाभी."

यंत्रांवर किंमत लिहिलेली नव्हती. लिहिलेली किंमत रसभंग करते, असे मुकेशभाईंचे म्हणणे होते. ती ते फक्त तोंडी सांगत, आणि तीही खाजगी गोष्ट सांगावी तशी, कानाशी, हळू.

प्रात्यक्षिक द्यायला मुंबईहून राजसी नावाची एक तरुण ध्वनितज्ज्ञ आली होती. तिने सर्वांना खुर्च्यांवर बसवले, कुंदाबाईंना मधल्या सोफ्यावर बसवले आणि म्हणाली, "आधी दोन मिनिटं आपण पूर्ण शांत राहूया. बाहेरचा गोंगाट कानांतून उतरू दे. मग मी संतूर लावते, अगदी हलक्या आवाजात. सेट किती चांगला आहे, ते हलक्या आवाजातच कळतं." बोलताना तिने दोन बोटे वर केली आणि मग एक बोट ओठांवर ठेवले.

बोलणे कुणापर्यंत पोचले असेल ते असो; बोटे मात्र सर्वांना दिसली. आणि दोन बोटे, पाठोपाठ ओठांवर एक बोट, याचा अर्थ या मंडळात एकच होता. सभासदांचे सरासरी वय पाहता मंडळाची कोणतीही बैठक त्याशिवाय सुरू होत नसे. हरिचंद्र भोईर तत्काळ उभे राहिले. खुर्च्या मागे सरकल्या. सारे मंडळ पायांपाशी नजर लावून, पोटावर हात बांधून स्तब्ध झाले.

राजसी भारावून गेली. संगीत उभ्याने ऐकणारे श्रोते तिने शहरात कधी पाहिले नव्हते.

चिंतामणराव विचारात पडले. कोण गेले असावे? शेजारी उभ्या असलेल्याला विचारणे अशक्य होते. विचारले, तर घोषणा आपल्याला ऐकू आली नाही असा अर्थ निघाला असता. तोच प्रश्न इतर प्रत्येकालाही पडला होता, आणि त्याच कारणाने प्रत्येकजण गप्प होता. अज्ञाताच्या दुःखात सारे सारखेच बुडाले होते.

दोन मिनिटे झाली असावीत. एरवी हरिचंद्र "ओम शांती" म्हणून बसत. आज ते राजसीच्या खुणेची वाट पाहत होते. राजसीने खूण केली नाही. तिने फक्त एक कळ दाबली आणि डोळे मिटले. मंडळ उभेच राहिले.

चिंतामणरावांनी हळूच नजर उचलली. कुंदाबाई सोफ्यावर बसलेल्या होत्या. गेलेल्या माणसासाठी उभे राहण्याएवढीही रीत हिला राहिली नाही, असे वाटून त्यांना राग आला. मग त्यांचे लक्ष तिच्या हाताकडे गेले. गुडघ्यावर एक बोट हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. डोळे मिटलेले. आणि चेहरा असा, की तो त्यांनी कुठे पाहिला होता ते आठवायला त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापर्यंत मागे जावे लागले. तेव्हा खालच्या बिऱ्हाडात रेडिओ लागला, की ती पीठ माखलेल्या हातांनी गॅलरीत येऊन अशीच उभी राही, आणि पोळी करपून जाई.

त्यांनी यंत्राकडे पाहिले. निळ्या उजेडातल्या दोन्ही सुया थरथरत होत्या.

चिंतामणरावांनी आयुष्यभर प्रेशर गेज वाचले होते. माणसे खोटे बोलतात, अहवाल खोटे बोलतात. सुईला मात्र समारंभ करता येत नाही. सुई चढली, की कुंदाबाईंचे बोट उचलले जाई. सुई उतरली, की ते गुडघ्यावर टेके. खोलीत संतूर वाजत होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सोफ्यापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत, त्यांच्या बांधलेल्या हातांवरून आणि खाली घातलेल्या मानेवरून ते वाहत होते. आणि काचेच्या पेटीत कुणीतरी फुले उधळावीत तसे त्यांना नुसते दिसत होते. गंध पेटीतच राहिला होता.

त्यांना वाटले, एवढे चार पावलांवर जावे, तिच्याजवळ बसावे आणि म्हणावे, कुंदा, मला काही ऐकू येत नाही गं. वाक्य तयार झाले. गळ्यापर्यंत आले.

तेवढ्यात सुया हरिचंद्रांनाही दिसल्या.

हरिचंद्र बॉयलरचे माणूस. गेज त्यांनाही वाचता येत होता. त्यांनी श्रद्धांजलीची मान तशीच खाली ठेवून ती सुईबरोबर हलवायला सुरुवात केली. ते पाहून शेजारच्याने हलवली. मग पलीकडच्याने. थोड्याच वेळात सारे मंडळ शोकमुद्रेत उभे राहून एका लयीत डोलू लागले. कुणी "वाह" असे पुटपुटले. शोकाला बाधा येऊ नये एवढ्या बेताने. चिंतामणरावांच्या गळ्यातले वाक्य तिथेच विरले. त्यांनीही मान हलवली, आणि प्रेस शॉपचा सराव असल्यामुळे इतरांपेक्षा अचूक हलवली.

सुया पडल्या. सगळ्या माना एकदम थांबल्या.

राजसीने डोळे टिपले. "कसं वाटलं, सर?"

हरिचंद्र भोईर दोन पावले पुढे आले आणि घसा साफ करून म्हणाले, "मित्रहो, आज आपल्यावर जो दुःखाचा डोंगर कोसळला आहे, तो शब्दांत सांगणे कठीण आहे. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

"कोण गेलं?" राजसीने घाबरून कुंदाबाईंना विचारले.

"ते अजून ठरायचंय," कुंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

एकामागून एक सभासद बोलले. ते मनमिळाऊ होते. ते शिस्तीचे भोक्ते होते. त्यांच्या चेहऱ्यावर सदैव स्मित असे. मराठीतल्या श्रद्धांजलीला नावाची गरज लागत नाही, ही आपल्या भाषेची एक मोठीच सोय आहे. शेवटी चिंतामणरावांना बोलायला सांगण्यात आले.

"आयुष्यभर ते आपल्याबरोबर होते," चिंतामणराव म्हणाले. "आपण त्यांना गृहीत धरलं. ते एकदम गेले नाहीत. रोज थोडे थोडे जात होते. आणि आपण, ते आहेतच, असं जगाला सांगत राहिलो." येथे त्यांचा आवाज खरोखरच कापला. मंडळाने तो वक्तृत्वाचा भाग समजून माना डोलावल्या. कुंदाबाई सोफ्यावरून पुढे झुकून एकटक त्यांच्याकडे पाहत होत्या. आता हे काहीतरी सांगतील, असे त्यांना वाटले असावे. "ईश्वर त्यांना सद्गती देवो," असे म्हणून चिंतामणराव खाली बसले.

"साईं, कौन ऑफ हुआ?" मुकेशभाईंनी बाजारात लागणाऱ्या आपल्या मूळ आवाजात विचारले. "हार मागवतो ना मी."

हा प्रश्न सर्वांना ऐकू गेला, आणि त्याला उत्तर नव्हते. हरिचंद्रांनी खोलीभर नजर फिरवली. जे समोर होते ते गेलेले नव्हते, हे उघड होते. म्हणजे जो समोर नाही तो. हा तर्क बिनचूक होता.

"आमचे ज्येष्ठ सभासद चंदर म्हात्रे," हरिचंद्र गंभीरपणे म्हणाले. मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला, तो दुःखाचाही होता. ठराव मांडला गेला आणि एकमताने संमत झाला.

चंदर म्हात्रे हेल्मेट हातात घेऊन पडद्यातून आत आले, तेव्हा हरिचंद्र ठरावाचा शेवटचा परिच्छेद म्हणत होते. चंदरने तो पूर्ण ऐकून घेतला. "अरे, कोण? मी?" ते ओरडले. मंडळात काढलेल्या वर्षांमुळे त्यांना ओरडून बोलायची सवय होती.

"ठराव झालेला आहे," हरिचंद्र म्हणाले.

"पण मी जिवंत आहे ना, भल्या माणसा!"

"त्याचा व्यक्तिशः मला आनंदच आहे. पण ठराव एकमताने झालाय. मागे घ्यायचा, तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल."

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर जरा शांततेत घे. आणि बघ, दिवंगत सभासदाला निलंबन लागू राहत नाही. त्या दृष्टीने तुझा फायदाच झालाय."

मुकेशभाईंनी मागवलेला हार आला होता. तो परत जाणार नव्हता, म्हणून चंदरच्या गळ्यात घातला गेला.

त्यानंतर अभिप्राय झाले. श्रवणाविषयी बोलताना मंडळात काही ठरलेले शब्द वापरत: पार्श्वभूमीचा काळोख, स्वरांमधला अवकाश, मंचाची खोली. सर्वांनी ते वापरले. चिंतामणराव म्हणाले, "या यंत्राचं वैशिष्ट्य हे, की यातला आवाज शांततेच्या आड येत नाही." खोलीत कौतुकाची लहर उठली. राजसी म्हणाली, की टिपणीस सरांची मान प्रत्येक समेवर बिनचूक पडत होती. एवढे तयार कान तिने पाहिले नव्हते. मुकेशभाईंनी शाल मागवली आणि चिंतामणरावांना 'सुवर्णकर्ण' ही पदवी तिथल्या तिथे बहाल करण्यात आली. शाल पांघरता पांघरता मुकेशभाई त्यांच्या कानाशी झुकले आणि अत्यंत हळू आवाजात काहीतरी बोलले.

ओठ थांबले. चिंतामणरावांनी शोभेल एवढा विराम घेतला. "हो, हो," ते म्हणाले.

मुकेशभाईंनी त्यांचा हात दाबला. "बस साईं, डील पक्की. येत्या आठवड्यात माणसं घरी येऊन बसवून देतील."

सगळे पांगू लागले तसे चंदर म्हात्रे गळ्यातला हार सावरत चिंतामणरावांजवळ आले. त्यांनी आवाज लावला तो अगदी त्यांच्या कानापुरता, पण खणखणीत. "टिपणीस, वहिनी म्हणाल्या विठ्ठलवाडीला जायचंय. चल ना, मी पण येतो सोबत. अरे, काही दुखत नाही. मी घरी आलो ना पहिल्या दिवशी, तर कढईत फोडणी वाजते, ते ऐकून रडलो येडा. बायको म्हणते, काय झालं? म्हटलं, काही नाही, तू मोहरी टाकत राहा."

चिंतामणरावांनी त्याचा शब्दन् शब्द ऐकला. त्यांनी कुंदाबाईंकडे पाहिले. दाराशी पायांत चपला घालून, पर्स छातीशी धरून, शाळेच्या फाटकाशी मूल उभे राहते तशा त्या उभ्या होत्या. त्यांच्या पलीकडे सारे मंडळ चहाचे कप घेऊन सुवर्णकर्णांकडे पाहत होते.

"चंदर," चिंतामणराव शालीचा पदर खांद्यावर ओढून मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजच्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तर लोक या पदवीला काय म्हणतील?"

"अरे, मी मेलोय तरी जातो तिथे!" चंदर म्हणाले. पण मंडळाने टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या चिंतामणरावांना ऐकू येत.

रिक्षात बसल्यावर कुंदाबाईंनी "विठ्ठलवाडी" म्हटले आणि चिंतामणरावांनी "अंबरनाथ" म्हटले. रिक्षावाल्याने आरशातून दोघांकडे पाहिले आणि शाल पाहून अंबरनाथचा रस्ता धरला.

बराच वेळ कुंदाबाई बाहेर पाहत राहिल्या. फर्निचरची दुकाने गेली, कपड्यांची गेली, गाडीच्या काचेला लटकवायच्या बाहुल्यांची गेली. मग त्या वळल्या आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजात बोलू लागल्या. त्या आवाजात कडवटपणा नव्हता. दुपारचे संतूर अजून कुठेतरी त्याच्या तळाशी लागलेले होते.

"मी बदलापूरला श्रद्धाकडे राहायला जाते. रागावून नाही हो. तिथे मी काही म्हटलं, की लेक आतून 'काय गं आई?' म्हणते. नात 'काय गं आजी?' म्हणते. मला तेवढं पुरतं. मघाशी तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा मला वाटलं, आता सांगाल. तुमच्या डोळ्यांत होतं ते. मला डॉक्टर नको, यंत्र नको. आता या क्षणी तुम्ही मला नुसतं 'काय?' म्हणून विचारलंत ना, तरी मी जाणार नाही."

त्यांचे ओठ थांबले.

चिंतामणरावांना ते थांबलेले दिसले. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आहे हेही दिसले, आणि ती आज काहीतरी निराळे बोलली आहे, हेही कळले. एका शब्दाचे काम होते. पण सुवर्णकर्ण होऊन पुरता तासही झाला नव्हता. त्यांनी नेहमीपेक्षा थोडा अधिक विराम घेतला, कारण प्रसंग गंभीर दिसत होता.

"हो, हो," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे तुझं."

पुढच्या आठवड्यात त्या घरात एक वस्तू आली आणि एक माणूस गेले. दोन्ही गोष्टी चिंतामणरावांच्या संमतीने झाल्या होत्या, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. बॅग भरली जात असताना ते दारात उभे होते. कुठे चाललीस, असे विचारणे म्हणजे आधीचे ऐकले नव्हते असे कबूल करणे. ते त्यांनी केले नाही. रिक्षात बॅग चढवायला मात्र मदत केली.

मंडळाची मासिक बैठक आता त्यांच्याच घरी भरते. कपाटाएवढे दोन स्पीकर दिवाणखान्यात उभे आहेत. त्यांना जागा करायला जेवणाचे टेबल काढावे लागले, पण एका माणसाला टेबल लागत नाही. आतून भांड्यांचा आवाज येत नाही. कुकरची शिट्टी नाही, बांगड्या नाहीत, कुणी गॅस बंद करायला सांगत नाही. पहिल्याच बैठकीत हरिचंद्र भोईरांनी डोळे मिटून बराच वेळ अदमास घेतला आणि म्हणाले, की एवढी निर्मळ पार्श्वभूमी उभ्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दुसऱ्या घरात मिळणार नाही. तसा ठरावही झाला. चिंतामणराव त्या वेळी सुयांकडे पाहत होते. त्या हलल्या, तशी त्यांनी मान हलवली.

वाचकांना या गृहस्थांचे हसू आले असेल, तर ते योग्यच आहे. वाचकांचे कान उत्तम आहेत. मात्र ही कथा हातात असताना मघाशी घरातले कुणीतरी येऊन तुम्हाला काहीतरी म्हणाले होते, आणि नजर न उचलता तुम्ही त्याला "हो" म्हटलेत. ते माणूस क्षणभर थांबले, मग आत गेले.

काय म्हणाले होते ते?